गाठ साधी निघाली, तरी छातीचा सीटी कशाला? जायंट सेल ट्युमरवाल्यांच्या घरच्यांसाठी

धाकट्या भावाचा बायोप्सी रिपोर्ट आला, ‘जायंट सेल ट्युमर ऑफ बोन’, डॉक्टर म्हणाले कॅन्सर नाहीये, आणि आम्ही घरी येताना अक्षरशः पेढे घेतले. चार दिवसांनी त्यांनी छातीचा सीटी लिहून दिला तेव्हा आई म्हणाली, अगं गाठ गुडघ्यात नि फोटो छातीचा कशाला? त्या प्रश्नाचं उत्तर मला नीट मिळायला वर्ष गेलं, म्हणून इथे लिहितेय.

तर हा ट्युमर साधारण २० ते ४० वयात होतो, लांब हाडांच्या टोकाला, जास्त करून गुडघ्याजवळ, नाहीतर मनगटापाशी. साधा म्हणतात तरी हाड आतून पोखरतो आणि ऑपरेशननंतर तिथेच परत येऊ शकतो, आणि थोड्या लोकांत त्याच्या पेशी रक्तातून फुप्फुसात जाऊन बसतात. किती जणांत, तर वेगवेगळ्या अभ्यासांत १०० मागे साधारण २ ते ९. जागेवर परत आलेला असेल किंवा मनगटाचा असेल तर जास्त. लहान वयात होणारा कॉन्ड्रोब्लास्टोमा नावाचा हाडाचा दुसरा साधा ट्युमर पण असं करतो, पण फारच क्वचित.

आधी एक सांगते, दुखतंय म्हणून हाडवैद्याकडे जाऊन चोळून घेऊ नका. आम्ही दोनदा नेलं होतं, तेल, पट्टी, सगळं झालं. पोखरलेलं हाड अशाने मोडू शकतं. महिनाभर दुखणं थांबत नसेल, रात्री पण ठणकत असेल तर साधा एक्सरे काढा, त्यात हाडाच्या टोकाला काळा पोकळ डाग दिसतो. आणि बायोप्सी जो सर्जन ऑपरेशन करणार त्यानेच ठरवून केलेली बरी, कारण सुईची वाट पण त्याला ऑपरेशनच्या वेळी लक्षात घ्यावी लागते. रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) तपासलंय का ते विचारा, कारण पॅराथायरॉइड ग्रंथीच्या आजारात हाडात अगदी अशीच गाठ दिसते आणि तिचा इलाज पूर्ण वेगळा असतो.

छातीचा पहिला सीटी ऑपरेशनच्या आधीच काढून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. नंतर काही दिसलं तर ते आधीपासून होतं की नवीन हे सांगायला दुसरं काही साधन नसतं. साधा, बिना डायचा सीटी बहुतेक वेळा पुरतो, फक्त मशीनमधला आवाज ‘श्वास धरा’ म्हणतो तेव्हा खरंच धरायचा, नाहीतर बारीक गाठ पुसट होऊन जाते. शक्यतो दर वेळी एकाच सेंटरला जा. आणि सीडी मागून घ्या! आमच्याकडे एका सेंटरने नुसता छापील रिपोर्ट दिला, सहा महिन्यांनी गेलो तर म्हणे डेटा उडाला. फिल्म पावसाळ्यात कपाटात एकमेकींना चिकटल्या त्या वेगळ्याच, म्हणून आता सगळं पेनड्राइव्हवर. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) कुठे ठेवलेत ते पण फाईलवर लिहून ठेवा, टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घ्यायला गेलात तर तेच मागतात.

आता रिपोर्ट. भावाच्या रिपोर्टमध्ये ओळ होती, उजव्या खालच्या भागात ४ मिलिमीटरचा नोड्यूल, म्हणजे बारीक गाठ. घरात रडारड. पण आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग कित्येकांच्या छातीत असतात, त्यामुळे एवढ्याशा ठिपक्यावरून कोणी काही ठामपणे सांगत नाही, काही महिन्यांनी परत काढून तुलना करतात. वाढत असेल, किंवा एकाचे चार झाले असतील, तर मग सुईने नाहीतर छोट्या ऑपरेशनने तुकडा काढून तपासतात. त्याआधी नुसत्या फोटोवरून टीबीची औषधं सुरू करायला कोणी सांगितलं तर आपल्या हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आणि समजा तो ठिपका ह्याच ट्युमरचा निघालाच, तरी रिपोर्टमधला ‘मेटास्टॅसिस’ (म्हणजे दुसरीकडे पसरलेला) शब्द वाचून गुगलवर चौथी स्टेज शोधत बसू नका (मी बसले, रात्री दोनपर्यंत). फुप्फुसातल्या पेशी पण गुडघ्यातल्यासारख्याच साध्या असतात. काहींच्या वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात, क्वचित आपोआप कमी होतात, काहींच्या ऑपरेशनने काढतात. पण थोड्यांच्या वाढत जातात आणि जिवावर पण बेततं, म्हणून सोडून द्यायचं नाही.

ऑपरेशन शक्य नसेल तर डेनोसुमॅबचं इंजेक्शन असतं, अमेरिकेत २०१३ मध्ये ह्या ट्युमरसाठी मंजूर झालं. १२० मिलिग्रॅम दर ४ आठवड्यांनी, पहिल्या महिन्यात ८व्या आणि १५व्या दिवशी जादा डोस. सुरू करायच्या आधी डेंटिस्टकडे जाऊन या, किडलेला दात काढायचा असेल तर तेव्हाच काढा, कारण नंतर जबड्याच्या हाडाला त्रास होऊ शकतो. कॅल्शियम आणि डी३ डॉक्टर देतात ते चुकवायचं नाही, ओठाभोवती मुंग्या आल्या किंवा हातापायात गोळे आले तर लगेच कळवा. बायकांनी ह्या काळात दिवस राहू द्यायचे नाहीत. औषध बंद केलं की गाठ परत वाढू शकते, त्यामुळे किती दिवस द्यायचं हे आधीच विचारून घ्या.

चेकअप साधारण पहिली दोन-तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, बाकी तुमचे डॉक्टर ठरवतील तसं. गुडघ्याचा एक्सरे आणि छाती, दोन्ही. ऑपरेशनमध्ये गाठ काढून झालेल्या पोकळीत बोन सिमेंट भरलेलं असेल तर त्याच्या कडेला नवीन काळी रेघ दिसतेय का ते विचारा, गाठ परत आली तर बरेचदा तिथेच आधी दिसते.

भावाचा तो ठिपका तीन सीटी झाले तरी ४ वरच आहे. पुढचा दिवाळीनंतर, सकाळची पहिली वेळ घेतलीये कारण काउंटरवरच्या मुलाला जुना पेनड्राइव्ह मशीनला लावायला अर्धा तास लागतो.