रायफल बांधून घेताना कॅलिबर कसं ठरवायचं

.३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ स्प्रिंगफील्ड, दोन्हींची गोळी अगदी सारख्या जाडीची: ०.३०८ इंच. तरी एकाचं काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत चालत नाही, कारण पहिल्याची पुंगळी, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, ५१ मिलिमीटर लांब आणि दुसऱ्याची ६३. कॅलिबर म्हणजे फक्त गोळीची किंवा नळीच्या भोकाची जाडी. रायफल बांधून घेताना ठरवायचं असतं ते काडतूस. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, एका ठरावीक काडतुसाच्या मापानं कापतात, आणि एकदा कापल्यावर ते मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

हा लेख अमेरिकेत शिकारीसाठी किंवा रेंजवर नेमबाजीसाठी बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हातानं बोल्ट ओढून भरायची, रायफल बांधून घेणाऱ्यांसाठी आहे. तिथल्या मराठी मंडळींपैकी एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांनी सुटा भाग विकत घेण्याआधीच थांबावं. वैध शिकार परवाना किंवा कायद्यातला दुसरा एखादा अपवाद लागू नसेल, तर त्यांना बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवणं हाच केंद्रीय गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. भारतात तर प्रश्नच वेगळा: शस्त्र कायदा १९५९ खाली परवान्याशिवाय रायफल बनवणं गुन्हा आहे, काही बोअर (नळीच्या भोकाची मापं) सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे शिकारही बंद आहे.

आधी काम ठरवा, मग राज्याचा नियम पाहा

‘सगळ्यासाठी एकच रायफल’ मागितली की मधलीच काहीतरी हाती येते. किती अंतर आणि काय मारायचं, हे एका ओळीत लिहा. ३०० यार्डांच्या आतलं हरीण असेल तर .२४३ विंचेस्टर, ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर, .३०८ यांपैकी काहीही पुरतं. त्यांच्यातल्या फरकावर रात्र-रात्र वाद घालण्यात अर्थ नाही. एल्कसारखं मोठं जनावर असेल तर .३०-०६, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम किंवा .३०० विंचेस्टर मॅग्नमकडे बघा. १००० यार्डांवरचं कागदी लक्ष्य असेल तर ६.५ क्रीडमूर. त्याची १४० ग्रेनची, म्हणजे सुमारे ९ ग्रॅमची, लांबट गोळी हवा सहज कापते आणि वाऱ्यानं कमी ढळते. .३०८ मधली १६८ ग्रेनची जुनी मॅच (नेमबाजी स्पर्धेची) गोळी १००० यार्डांच्या आसपास ध्वनीच्या वेगाला येऊन डगमगू लागते.

मग त्या राज्याच्या शिकार खात्याचा चालू वर्षाचा नियम वाचा. आयोवा, ओहायो अशा राज्यांत हरणासाठी सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाकडे एकदम अरुंद न होणाऱ्या, पुंगळीची अट असते. तिथे क्रीडमूर असो की .३०८, दोन्ही घरीच राहतील. अशा अटींना धरूनच २०१९ मध्ये .३५० लेजंड बाजारात आलं.

ॲक्शन हातात असेल तर निम्मा निर्णय झालेला असतो

ॲक्शन म्हणजे बोल्ट आणि तो सरकतो तो सांगाडा; बोल्ट काडतूस चेंबरमध्ये ढकलून मागून बंद करतो. बोल्टच्या तोंडाचा खळगा कॅलिपरनं मोजा. पुंगळीची कड त्यात बसायला हवी. .२२३ रेमिंग्टनच्या गटाची कड ०.३७८ इंच, .३०८ च्या गटाची ०.४७३, मॅग्नमांची, म्हणजे जास्त बारुदाच्या मोठ्या काडतुसांची, सुमारे ०.५३२. ०.४७३ चा बोल्ट आणि शॉर्ट, म्हणजे आखूड काडतुसांचं, ॲक्शन असेल तर .२४३, ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८ आणि .३०८ हे चारही पर्याय खुले. तोच बोल्ट लाँग ॲक्शनमध्ये असेल तर .२७० विंचेस्टर आणि .३०-०६. यापलीकडे जायचं तर बोल्ट बदलावा लागतो, आणि खर्च वाढत जातो.

लोक फसतात ते मॅगझिनच्या, म्हणजे रायफलीतल्या काडतुसांच्या पेटीच्या, लांबीत. रेमिंग्टन ७०० शॉर्ट ॲक्शनच्या मूळ पेटीत सुमारे २.८५ इंचांपर्यंतचं काडतूस मावतं. क्रीडमूरची प्रमाण लांबी २.८२५ इंच असल्यानं ते जेमतेम बसतं. ६.५ पीआरसी मात्र २.९५५ इंचांचं. ‘शॉर्ट ॲक्शन मॅग्नम’ एवढंच वाचून नळी कापून घेतली, की काडतूस पेटीत जात नाही. मग मोठी पेटी शोधा, नाहीतर एकेक काडतूस हातानं भरा.

ट्विस्ट गोळीच्या लांबीवरून

नळीतले आटे किती इंचांत एक फेरा पूर्ण करतात, तो ट्विस्ट. गोळी जितकी लांब, तितका फेरा आखूड हवा. ग्रीनहिलचं १८७९ चं सूत्र अंदाजाला आजही चालतं: गोळीच्या जाडीचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी, सगळं इंचांत. वरच्या १६८ ग्रेन गोळीची लांबी सुमारे १.२२ इंच. ०.३०८ चा वर्ग ०.०९४९, गुणिले १५०, भागिले १.२२, उत्तर ११.७. म्हणून तिला १२ इंचांत एक फेरा पुरत आला आहे. थंड, दाट हवेसाठी थोडी सवलत म्हणून ११ किंवा १० घ्या.

हे सूत्र शिशाच्या गाभ्याच्या गोळीसाठी आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तेव्हा तिथल्यांनी ट्विस्ट तांब्याच्या गोळीवरूनच ठरवावा. .२४३ घेणाऱ्यांची चूक नेहमीची: १० इंचांची नळी घेतात आणि नंतर १०५ ग्रेनच्या लांब गोळ्या आणतात. गोळी आडवी होऊन कागदाला लांबट भोक पाडते, आणि दोष दुर्बिणीला जातो. जड गोळीच वापरायची असेल तर ८ इंच सांगा.

धक्का आणि नळीचं आयुष्य

सारख्या वजनाच्या रायफलीत .३०० विंचेस्टर मॅग्नमचा धक्का ६.५ क्रीडमूरच्या जवळपास दुप्पट. डोंगर चढायला हलकी रायफल आणि वर मॅग्नम, ही जोडी दुकानात छान वाटते. वीस गोळ्यांनंतर खांदा आपोआप आखडतो, चाप ओढताना डोळा मिटतो आणि नेम जातो. मझल ब्रेकनं, म्हणजे नळीच्या तोंडावर लावायच्या भोकांच्या तुकड्यानं, धक्का कमी होतो, पण आवाज शेजाऱ्यालाही सोसत नाही.

लहान भोकातून जास्त दारू (बारूद) जाळली की चेंबरपुढचा घसा लवकर झिजतो. .३०८ ची नळी साधारण ५००० गोळ्या अचूक चालते, ६.५ क्रीडमूरची २००० ते ३०००, .२४३ ची त्याहून कमी. वर्षाला चाळीस गोळ्या झाडणाऱ्या शिकाऱ्यानं याची काळजी करू नये. दर शनिवारी रेंजवर जाणाऱ्यानं मात्र नळी हा झिजणारा भाग धरूनच हिशोब करावा.

दुकानाचं कपाट बघा

पसंत पडलेल्या काडतुसाची कारखान्यात भरलेली पेटी जवळच्या तीन दुकानांत मिळते का, ते प्रत्यक्ष जाऊन बघा. स्वतः काडतुसं भरत नसाल तर वाइल्डकॅटच्या, म्हणजे कुठल्याच कारखान्यानं प्रमाण न केलेल्या काडतुसांच्या, वाटेला जाऊ नका. दोन-तीन कंपन्यांची एकेक पेटी आणा आणि त्यातली एक पसंत करा.

गनस्मिथला काय लिहून द्यायचं

काडतुसाचं पूर्ण नाव, गोळीचं वजन आणि प्रकार, ट्विस्ट, नळीची लांबी, मॅगझिनच्या आतली लांबी. यासोबत दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेलं एक नकली काडतूस द्या, वापरायचीच गोळी लावून. त्यावरून तो घसा किती लांब ठेवायचा ते ठरवतो. काम झाल्यावर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी लांबी, तुमच्यासमोर तपासून घ्या: ‘गो’ गेजवर (मापाच्या ठोकळ्यावर) बोल्ट बंद व्हायला हवा, ‘नो-गो’वर होता कामा नये. ‘नो-गो’वरही बंद झाला तर एकही गोळी झाडू नका. पुंगळी मागे ताणली जाऊन फाटू शकते आणि गरम वायू तोंडाकडे येतो.

नळीवर काडतुसाचं पूर्ण नाव कोरून घ्या, नुसता ‘.३०’ किंवा ‘६.५’ नको. घरात .२२३ आणि .३०० ब्लॅकआउट दोन्ही असतील तर पेट्या आणि मॅगझिन वेगळ्या कपाटात ठेवा. .३०० ब्लॅकआउटची काही काडतुसं .२२३ च्या चेंबरमध्ये बसतात, आणि ०.३०८ ची गोळी ०.२२४ च्या नळीत घुसायला गेली की रायफल फुटते.