कपाटातली पुस्तकं वर्गात आणताना: पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टातच प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असलेलं वाचनालय हवं असं लिहिलेलं आहे. त्यामुळे पुस्तकं शाळेत येतात, पण ती मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात बसून राहतात. मुलं फाडतील ही खरी भीती नसते. भीती असते ती जडसंग्रह नोंदवहीची, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंद असते त्या वहीची. पुस्तक हरवलं तर कुणी विचारलं की काय सांगायचं? म्हणून पुस्तकं वर्गात आणण्याआधी मुख्याध्यापकांशी एकदा मोकळेपणाने बोलून घ्यावं. वर्षाला शंभरातली पाच-सात पुस्तकं फाटणार आणि दोन-तीन हरवणार, हे धरून चालायचं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय जूनमध्येच घेऊन इतिवृत्तात लिहून ठेवावा. निर्लेखनाला, म्हणजे फाटलेलं-हरवलेलं पुस्तक नोंदवहीतून कमी करायला, मंजुरी कुणाची लागते तेही केंद्रप्रमुखांना तेव्हाच विचारून घ्यावं. म्हणजे एप्रिलमध्ये हिशेब जुळवताना घाम फुटत नाही.

किती आणि कोणती

तीस मुलांच्या वर्गाला चाळीस पुस्तकं समोर आणि पन्नास-साठ मागे राखीव, एवढं पुरतं. दर पंधरा दिवसांनी समोरची दहा काढून मागची दहा मांडायची. सगळी शंभर एकदम मांडली की महिन्याभरात ती भिंतीचा भाग होतात आणि मुलं तिकडे बघत नाहीत.

निवडताना पाठीवरची इयत्ता किंवा वयोगट बघू नका, मधलं पान उघडा. पहिलीसाठी पानावर एक-दोन ओळी, ठसठशीत अक्षर, एकूण बारा ते सोळा पानं. मराठी वाचायला शिकणारं मूल काना-वेलांटीवर फार अडत नाही. ते अडतं जोडाक्षरांवर आणि रफारावर. ‘सूर्य’ आणि ‘पर्वत’ हे शब्द पानोपानी येत असतील तर चित्रं कितीही गोड असली तरी ते पुस्तक दिवाळीनंतरचं. तिसरी-चौथीला चोवीस-बत्तीस पानं चालतात. त्यांच्यासाठी पाच बोटांची कसोटी सोपी आहे: मुलाने एक पान मोठ्याने वाचावं आणि प्रत्येक अडलेल्या शब्दाला एक बोट दुमडावं. पान संपायच्या आत मूठ मिटली तर ते पुस्तक आपण वाचून दाखवायचं. दोन ओळींच्या पानाला मात्र ही कसोटी लावू नका.

चाळीसात निदान सात-आठ पुस्तकं शब्द नसलेली, फक्त चित्रांची हवीत. ती पहिलीसाठी असतातच, पण वाचनात मागे पडलेलं चौथीतलं मूलही ती चारचौघांत बिनधास्त हातात घेतं. सात-आठ माहितीची हवीत: किडे, यंत्रं, आकाश, शेती. वाढदिवसाला किंवा देणगी म्हणून आलेली जाडजूड चरित्रं आणि बारीक टायपातल्या बोधकथा नम्रपणे कपाटातच राहू द्या.

स्तरानुसार रंगीत ठिपके लावायला हरकत नाही, मांडणी सोपी जाते. ठिपका पुस्तकाला लावायचा, मुलाला नाही. ‘तू अजून लाल’ हे वाक्य वर्गात एकदा उच्चारलं गेलं की लाल ठिपक्याच्या पुस्तकांना कुणी हात लावत नाही.

विकत घ्यायला नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांची पातळ पुस्तकं परवडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरची मराठी पुस्तकं खुल्या परवान्याची आहेत, म्हणजे उतरवून छापता येतात. सोळा पानांच्या पुस्तकाला ए-फोरचे चार कागद लागतात, दोन्ही बाजूंनी. छापताना ‘बुकलेट’ हा पर्याय निवडावा, नाहीतर पानं उलटसुलट लागतात. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सला गडद रंगांची चित्रं देऊ नका, सगळं पान काळंकुट्ट येतं. रेषाचित्रांची पुस्तकं निवडा.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, आणि जुने अंक बऱ्याच शाळांत बांधून ठेवलेले सापडतात. शाळेच्या नोंदीत नसलेले सुटे अंक मिळाले तर एका अंकातल्या गोष्टी सुट्या करून जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात शिवल्या की पाच-सहा छोटी पुस्तकं होतात. अडचण एकच: एका गोष्टीच्या शेवटच्या पानामागे दुसरी सुरू होते. म्हणून त्याच अंकाच्या दोन प्रती हाताशी असल्याशिवाय कात्री लावू नका.

मांडणी

मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. कणा दिसेल अशी उभी ठेवलेली पातळ पुस्तकं लहान मुलांना दिसतच नाहीत.

दोरीचा उपाय सगळ्यांत स्वस्त. नायलॉनची दोरी जमिनीपासून तीन फुटांवर बांधा, दुसरी तिच्यावर सव्वा फुटाने. सहा फुटांपेक्षा लांब दोरी मधोमध झोळ खाते आणि सगळी पुस्तकं घसरून एकत्र येतात, तिथे एक खिळा जास्त मारा. पुस्तक मधल्या पानावर उघडून दोरीवर टाकायचं. चिमटे लावू नका, मुखपृष्ठाला कायमची खाच पडते. पण दोरीवर टाकायची ती फक्त मध्ये पिना मारलेली पातळ पुस्तकं. डिंकाने चिकटवलेल्या कण्याचं पुस्तक आठवड्यात मधोमध सुटतं.

त्याहून टिकाऊ म्हणजे कापडी कप्पे. शिंप्याला मापं अशी द्या: मागचं जाड कापड (जुनी सतरंजी किंवा मांजरपाट) पाच फूट रुंद, चार फूट उंच. एका ओळीत नऊ इंचाचे सहा कप्पे, दोन्ही कडांना तीन-तीन इंच मोकळे. अशा चार ओळी. कप्प्याची खोली पाच इंच, म्हणजे पुस्तकाचा वरचा भाग उघडा राहतो. शिंपी हमखास एक चूक करतात, कप्प्यांची पुढची पट्टी सपाट शिवतात. मग पुस्तक आत जातच नाही, गेलं तर कोपरे दुमडतात. नऊ इंचाच्या जागेवर दहा इंच कापड सोडायला सांगा. वरच्या कडेला नेफा करून त्यात बांबूची काठी घाला.

जागा निवडताना दोन गोष्टी टाळाव्यात: दुपारचं थेट ऊन, कारण मुखपृष्ठं एका उन्हाळ्यात पांढरी पडतात, आणि पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर कप्पे वर्गाच्या आतल्या भिंतीवरच हलवावे लागतात.

देवघेव

नोंदवहीत शिक्षकांनी स्वतः लिहायचं ठरवलं की तीस मुलांना अर्धा तास जातो आणि तिसऱ्या आठवड्यात देवघेव बंद पडते. त्याऐवजी कार्डं करा. लग्नपत्रिकेतून दोन बाय तीन इंचाचे तुकडे कापून प्रत्येकावर दाखल क्रमांक (नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक) आणि पुस्तकाचं नाव लिहायचं. शेवटच्या पानावर छोटा खिसा चिकटवून त्यात ते कार्ड ठेवायचं. भिंतीवर पुठ्ठा, त्यावर तीस अर्धी पाकिटं, प्रत्येकावर मुलाचं नाव, आणि पहिलीच्या मुलांसाठी नावाशेजारी त्यांनीच काढलेलं चित्र. पुस्तक घेताना कार्ड काढून आपल्या पाकिटात टाकायचं, परत करताना पुन्हा पुस्तकात. पुस्तक कुणाकडे आहे ते पाकिटांकडे बघून कळतं, आणि सगळं दहा मिनिटांत आटोपतं.

चुका दोन होतात. कार्ड पुस्तकातच राहतं, किंवा शेजाऱ्याच्या पाकिटात जातं. तिसरी-चौथीतली दोन मुलं आठवडाभर ग्रंथपाल नेमा. त्यांचं काम एवढंच: दाराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकात कार्ड नाही ना, ते बघणं. पहिली-दुसरीला मंगळवार आणि तिसरी-चौथीला शुक्रवार असे वार ठरवून घ्या. शनिवार नको, सकाळची शाळा सुटताना कुणाचं लक्ष नसतं.

हरवल्यास दंड घेऊ नका. दहा-वीस रुपयांच्या धाकाने पुस्तक परत येत नाही, पण पुढचं पुस्तक घरी न्यायला घरचे मनाई करतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्यांच्याबरोबर दोन पुस्तकं जाऊ द्या आणि ती परत येतील असं धरू नका. आली तर आनंद.

दुरुस्ती

महिन्यातून एक दुपार यासाठी राखून ठेवा. तिसरी-चौथीची मुलं यात तरबेज होतात.

पहिला शत्रू गंजलेली पिन. पावसाळ्यात तिच्याभोवती तांबूस डाग पडतो, तिथे कागद ठिसूळ होतो आणि मधलं पान सुटतं. नवी पिन मारली तर ती त्याच फाटक्या भोकातून निघते. त्यापेक्षा पुस्तक शिवा. गंजलेल्या पिना बोथट सुरीने उकलून काढा. पानं नीट जुळवून मधोमध उघडा. दाभणाने घडीवर तीन भोकं पाडा: एक मध्ये, बाकीची दोन वरच्या-खालच्या कडेपासून दीड-दीड इंचावर. दाभण आपल्याकडे असू द्या, मुलांना सुई पुरे. गोधडीचा दोरा कण्याच्या उंचीच्या अडीचपट घ्या (आठ इंचाच्या पुस्तकाला वीस इंच) आणि मेणबत्तीवरून एकदा ओढा, म्हणजे गुंता होत नाही. आता सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा आणि तीन इंच शेपूट आत सोडा. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर जा. बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत या. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. तो टाका मध्ये धरून घट्ट गाठ मारा आणि अर्धा इंच सोडून कापा. दोरा घडीच्या दिशेनेच ओढायचा. पानावर काटकोनात ओढला तर भोक फाटून लांबतं.

दुसरा शत्रू आपणच आणतो, तो म्हणजे सेलोटेप. वर्षा-दोन वर्षांत ती पिवळी पडते, कडेने डिंक सुटतो आणि शेजारचं पान त्याला चिकटतं. फाटलेल्या पानाला पांढरा पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ वापरा. दोन चमचे मैदा एक कप गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर चार-पाच मिनिटं ढवळत राहा. पारदर्शक, दह्याएवढी दाट झाली की उतरवा. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण ते विष आहे. शाळेत नको. ताजी करा आणि दोन दिवसांनी उरलेली फेकून द्या. कागदाची अर्ध्या इंचाची पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडा, विरविरीत कड पानात मिसळून जाते. खळ पट्टीला पातळ लावा. जाड लावली की वाळल्यावर पान सुरकुततं. वर-खाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून जड पुस्तकाखाली रात्रभर दाबा.

भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नका, ते पापडासारखं वाकतं. दर दोन-चार पानांत वर्तमानपत्राचा कागद घालून पंख्याखाली ठेवा, पहिल्या दिवशी कागद दर तासाला बदला. गुळगुळीत, चकचकीत कागदाची पानं ओली असतानाच हळूच सुटी करावी लागतात. एकदा चिकटून वाळली की ती निघत नाहीत.

कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर तो पूर्ण वाळलेला हवा. ओला पाला बुरशीच आणतो. लहान मुलांच्या वर्गात डांबरगोळ्या नकोत, पांढरी गोळी पहिलीतल्या मुलाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

वाचून दाखवणं

रोज दहा ते पंधरा मिनिटं, शक्यतो मधल्या सुट्टीत खिचडी झाल्यावर. तेव्हा वर्ग सुस्तावलेला असतो आणि गणित तसंही डोक्यात शिरत नाही. पुस्तक आदल्या दिवशी दोनदा वाचा, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. मुलांना अर्धगोलात बसवा, पहिली रांग तीन फुटांवर. पुस्तक खांद्याच्या उंचीवर, एका बाजूला, पानं मुलांकडे करून धरायचं आणि आपण तिरकं बघून वाचायचं. चाळिसाच्या वर मुलं असतील तर दोन गट करा, मागच्या मुलांना चित्र दिसलं नाही की तिथून गडबड सुरू होते.

नाव सांगताना लेखकाबरोबर चित्रकाराचंही सांगा. पान उलटण्याआधी क्षणभर थांबा, ‘आता काय होईल?’ एवढाच प्रश्न, तोही एका गोष्टीत दोनदाच. कोरकू, गोंडी, भिली किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांना आधी गोष्टीचा गाभा त्यांच्या बोलीत सांगा (आपल्याला येत नसेल तर मोठ्या मुलाकडून वदवून घ्या) आणि मग पुस्तकातली भाषा जशीच्या तशी वाचा. गोष्ट संपली की पुस्तक मिटा. ‘यातून काय बोध मिळाला?’ विचारलं की दुसऱ्या दिवशी मुलं गोष्ट ऐकत नाहीत, बोध शोधत बसतात.

स्वतंत्र वाचनाला पहिलीत पाच मिनिटांपासून सुरुवात करून दर महिन्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. पहिली-दुसरीची मुलं पुटपुटत वाचतात, त्यांना गप्प करू नका. त्या वेळात शिक्षकांनीही पुस्तकच वाचायचं. हजेरीपट किंवा पोषण आहाराचा तक्ता उघडला की मुलांना बरोबर कळतं.

एप्रिल

परीक्षेआधीच्या आठवड्यात सगळी कार्डं जुळवा. फाटलेली, हरवलेली आणि शिवून चालू केलेली अशा तीन याद्या करून मुख्याध्यापकांकडे द्या. नंतर पुस्तकं कपाटात कोंडू नका, प्रत्येक मुलाला सुट्टीसाठी तीन द्या, एकाच गल्लीतल्या मुलांना वेगवेगळी, म्हणजे आपसांत बदलता येतील. उरलेली ठेवायची पेटी पत्र्याचीच हवी, कारण खळ लावलेल्या पानांवर उंदीर आधी तुटून पडतात. पेटी भिंतीपासून चार इंच दूर, विटांवर ठेवा, वाळवी बहुधा भिंतीकडूनच येते.