बेळगावात नव्यानं आलात? पत्र ट्रंकेत ठेवू नका

सलाम. नगरहून नोकरीसाठी इथं आले, त्याला एकवीस वर्षं झाली. नवीन कुटुंबं पहिला प्रश्न विचारतात तो एकच : “ताई, चर्चमध्ये मराठी उपासना कुठं असते?”

चर्चची इथं वाण नाही. लंडन मिशनचे लोक १८२० सालीच बेळगावात आले, पुढे त्यांचं काम मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं. कॅम्पात जुनं सेंट मेरीज आहे, फातिमा कॅथेड्रल आहे. कॅथलिक असाल तर कोंकणी बोलणारे पुष्कळ भेटतील. कुठली उपासना कुठल्या भाषेत, हे पाळकांना किंवा फादरना जाऊनच विचारा.

आणि गावच्या मंडळीचं, म्हणजे तिकडच्या चर्चचं, सभासदत्व बदलीचं पत्र इथल्या चर्चमध्ये पहिल्याच महिन्यात द्या. मी ते चार वर्षं ट्रंकेत ठेवलं. म्हटलं, आज ना उद्या परत जायचंच आहे. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायचे, आशीर्वाद झाला की चप्पल घालून बाहेर. माझं नाव कुणाला ठाऊक असणार?

चौथ्या वर्षी, ऐन पावसात, मिस्टर गेले. दफन झालं, तिसऱ्या दिवशी नगरची माणसं परतली. जाताना सगळे एकच बोलले, “देवाची इच्छा.” मला त्याचा रागच आला. अजूनही येतो, खरं सांगते.

त्या संध्याकाळी माझ्याच बाकावर बसणाऱ्या एक कानडी बाई आल्या. घर विचारत विचारत आल्या होत्या. हातात फडक्यात गुंडाळलेल्या जोळद रोट्ट्या, म्हणजे ज्वारीच्या भाकरी. मोरीत भांड्यांचा ढीग होता. पदर खोचून आधी तो घासला. मग जमिनीवर बसून डोळे मिटले. मला तेव्हा कन्नड शून्य. पण मध्येच एक शब्द कानाला लागला : “यहोवनु ननगे कुरुबनु.” कुरुब म्हणजे आपले धनगर, पावसाळा सरला की मेंढरं घेऊन रस्त्यानं जाताना दिसतात. म्हणजे हे तेविसावं स्तोत्र! ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ मी मराठीत पुटपुटायला लागले, त्या कन्नडात. ‘आमेन’ एकदमच झालं. दफनानंतर मी पहिल्यांदा रडले ती तेव्हा.

पुढच्या रविवारी पत्र दिलं.

म्हणून सांगते, मराठी उपासना मिळेपर्यंत घरी बसू नका. पाटीवरच्या भाषेवरून इथं भांडणं होतात, ती चर्चच्या फाटकाबाहेर राहू द्या. कुणी “घरी प्रार्थनेला येऊ का?” म्हणालं, तर पसारा आहे म्हणून टाळू नका. झोपच उडाली, जेवण जाईना, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही जा. त्यात विश्वास कमी पडत नाही. गीतांचं आपलं मराठी पुस्तक मात्र गावाहूनच आणा. माझ्याकडे एक जास्तीचं आहे, पण त्याची पानं सुटलीत.