ॲपमधली बारीक रेघ पुसट का दिसते, आणि ती ठळक कशी करायची

लातूरच्या बाजारातले सोयाबीनचे भाव आलेखात दाखवणारं एक छोटं अँड्रॉइड ॲप मी करत होतो. मागच्या आडव्या रेघा माझ्या फोनवर नीट दिसायच्या. आडतीवरच्या एका काकांच्या फोनवर मात्र एक गडद, दुसरी पुसट, आणि उन्हात धरला की काहीच नाही. ‘‘रेघच दिसंना, भाव कितीवर हाय कसं कळावं?’’ ते म्हणाले.

अशा वेळी लगेच जाडी वाढवू नका. आधी त्याच फोनवर स्क्रीनशॉट घ्या आणि संगणकावर एकेक पिक्सेल चौकोन दिसेपर्यंत मोठा करा. रेघ पिक्सेलच्या एकाच ओळीत, पूर्ण रंगात असेल तर जागा बरोबर आहे. दोष जाडीचा किंवा रंगाचा. माझ्याकडे काही रेघांच्या जागी फिक्या करड्या रंगाच्या दोन-दोन ओळी निघाल्या.

कारण असं, की कॅनव्हासवर, म्हणजे ॲप ज्यावर चित्र काढतं त्या पाटीवर, १० हा आकडा म्हणजे पिक्सेल नव्हे, दोन पिक्सेलमधला बांध. तिथे १ पिक्सेलची रेघ काढली की ती ९.५ ते १०.५ अशी पसरते आणि अँटी-अलियासिंग, म्हणजे कडा मऊ दाखवणारी सोय, दोन्ही ओळींना अर्धा-अर्धा रंग वाटून देतं. तीच रेघ १०.५ वर काढा, एका ओळीत बसेल. जाडी विषम असेल तर अर्ध्यावर, सम असेल तर पूर्ण आकड्यावर.

मग काही रेघा गडद कशा? माझा आलेख ४३७ पिक्सेल उंच, त्याचे पाच भाग. रेघा येणार ८७.४, १७४.८, २६२.२ वर, प्रत्येकीचा अपूर्णांक वेगळा. म्हणून प्रत्येक रेघेची जागा आधी पूर्णांकात आणा, मग ०.५ मिळवा. भागाची उंचीच ८७ धरलीत तर शेवटची रेघ दोन पिक्सेल चुकते.

आता जाडी. स्ट्रोकविड्थ, म्हणजे कोडमधली रेघेची जाडी, पिक्सेलमध्ये मोजली जाते; डीपीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या दाटपणानुसार बदलणाऱ्या मापात, नाही. १ डीपी म्हणजे १६० डेन्सिटीला (एका इंचातले पिक्सेल) १ पिक्सेल, ४८० ला ३; पण ४२० ला २.६२५. म्हणून डीपीतली जाडी डेन्सिटी भागिले १६० ने गुणा, पूर्णांकात आणा, १ पेक्षा कमी होऊ देऊ नका. जाडी ० दिली तर कॅनव्हास कितीही मोठा केला तरी रेघ १ पिक्सेलचीच राहते. दाट स्क्रीनवर, उन्हात, ती पुरत नाही.

अगदी काठावरची, शून्यावरची रेघ अर्धी कापली जाते. तिला निम्म्या जाडीइतकी आत घ्या.

अँटी-अलियासिंग सरसकट बंद करू नका. आडव्या-उभ्या रेघांना चालतं, पण भावाच्या तिरक्या रेघेला पायऱ्या पडतात. दोघींसाठी पेंट, म्हणजे रंग-जाडीच्या सेटिंग, वेगळे ठेवा.

आयफोनवर मोजमाप पॉइंटमध्ये असतं. स्केल, म्हणजे एका पॉइंटच्या लांबीत बसणारे पिक्सेल, ३ असेल तर १ पिक्सेलची रेघ म्हणजे एक तृतीयांश पॉइंट, आणि सरकवायची त्याच्या निम्म्याने.

एवढं करून मी रेघांचा करडा रंगही एक छटा गडद केला आणि भर दुपारी पुन्हा आडतीवर गेलो. काकांनी फोन उन्हात धरला, रेघेवर बोट ठेवलं आणि भाव वाचून दाखवला.