नोकरी सोडून गायला उभं राहायचं तर: आधी गळा, मग हिशेब, शेवटी राजीनामा

गाण्यावर पोट भरायचं ठरवलं की घरचे पहिला प्रश्न पैशांचा विचारतात. प्रश्न रास्तच आहे. पण नोकरी सोडलेल्या गायकाला पहिल्या वर्षी बरेचदा आधी दगा देतो तो गळा. आठवड्याला पाच-सहा तास गाणारा माणूस राजीनाम्यानंतर एकदम वीस तास गायला लागतो, वर शिकवण्या घेतो, बुकिंगसाठी दिवसभर फोनवर असतो. पगार थांबलेला, म्हणून कुठल्याच कामाला नाही म्हणवत नाही. तेव्हा क्रम असा ठेवा: नोकरीत असतानाच गळा पूर्ण वेळेच्या कामाला तयार करायचा, पैशांची तालीम करायची आणि राजीनामा सर्वांत शेवटी लिहायचा. याला साधारण एक वर्ष धरा.

गळ्याचा रोजचा कोटा

स्वरतंतू जेमतेम एक ते अडीच सेंटीमीटर लांबीचे असतात. ४४० हर्ट्झचा सूर लावला की ते सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. सरासरी ३०० धरली आणि कार्यक्रमात प्रत्यक्ष आवाज अर्धाच तास लागला, तरी आघात होतात ५ लाख ४० हजार. बोलतानाही हेच तंतू झिजतात, म्हणून रियाजाचा आणि बोलण्याचा हिशेब वेगळा ठेवून चालत नाही.

रोज वहीत दोन आकडे लिहा: किती मिनिटं गायलं आणि किती मिनिटं सलग किंवा चढ्या आवाजात बोललं. शिकवणीचा तास दोन्हींत मोडतो. गाण्याचे तास आठवड्याला फार तर दहा टक्क्यांनी वाढवा आणि दर चौथा आठवडा हलका ठेवा. या गतीने आठवड्याच्या ५ तासांवरून १५ तासांवर जायला सुमारे चार महिने लागतात. घाई केली तर तंतूंना सूज येते, सुजेवर गायलं की गाठी धरतात. बहुतेक गाठी आवाजाच्या उपचारांनी आणि सवयी बदलून आटोक्यात येतात, पण त्यात आठवडे किंवा महिने जातात, आणि ते बिनकमाईचे असतात.

सूज ओळखायची एक साधी चाचणी आहे. सकाळी, ठरावीक वेळी, एखादी ओळखीची ओळ अगदी हळू आवाजात म्हणायची आणि अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर चढवत न्यायची. जोर लावायचा नाही. ज्या सुराला आवाज उमटायला उशीर लागतो किंवा नुसती हवा येते, तो सूर लिहून ठेवायचा. मोठ्या आवाजात सूज झाकली जाते, हळू आवाजात झाकता येत नाही. रोजच्या जागेपेक्षा दोन-तीन अर्धे स्वर खालीच आवाज तुटायला लागला, तर त्या दिवशीचा कोटा निम्मा. सलग तीन दिवस तसंच राहिलं तर रियाज बंद.

गाण्याआधी आणि नंतर पाच मिनिटं स्ट्रॉचा व्यायाम करा. पेल्यात पाणी घ्या, स्ट्रॉचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटीमीटर बुडवा, ओठ स्ट्रॉभोवती घट्ट मिटा आणि ‘ऊ’ काढत खालच्या सुरापासून वर आणि परत खाली घसरत या. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. मधेच थांबले तर श्वास अडतोय. भसाभसा उसळले तर हवा जास्त सोडताय. स्ट्रॉच्या अडथळ्यामुळे तंतूंच्या वर दाब तयार होतो, ते हलकेच एकमेकांपासून दूर राहतात आणि आपटण्याचा जोर कमी होतो. कार्यक्रमानंतरची पाच मिनिटं लोक हमखास टाळतात. तीच जास्त उपयोगाची आहेत.

पाणी दिवसभर प्या, कारण घोट तंतूंना लागत नाही. तो अन्ननलिकेत जातो आणि ओलावा शरीरातून फिरून तिथे पोहोचायला वेळ लागतो. मंचावर जायच्या दहा मिनिटं आधी ढोसलेल्या बाटलीने फक्त पोट जड होतं. वाफ मात्र थेट पोहोचते. कुजबुजणं म्हणजे विश्रांती असं समजू नका, अनेकांचा गळा त्यात उलट आवळला जातो. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून गाऊ नका, कारण दुखणं हाच थांबायचा इशारा असतो. अॅस्पिरिनसारख्या गोळीने रक्त गोठायला वेळ लागतो आणि स्वरतंतूतून रक्तस्राव व्हायची भीती वाढते. ती कुठल्या आजारासाठी चालू असेल तर आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना आपण गातो हे सांगा. गाता गाता आवाज अचानक गेला तर त्याच क्षणी थांबा आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. घोगरेपणा दोन आठवड्यांत गेला नाही तरीही जा.

पट्टी थकल्या आवाजात ठरवा

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे सकाळच्या ताज्या गळ्यावर पट्टी ठरवणं, किंवा मूळ गायकाची पट्टी हट्टाने धरणं. कामाच्या दिवसानंतर, रात्री नऊला, गाणं लागोपाठ दोनदा म्हणून बघा. दुसऱ्या वेळी वरचा सूर ताणावा लागला तर पट्टी अर्ध्या स्वराने उतरवा, पुन्हा बघा. गाण्यातला सर्वांत वरचा सूर तुमच्या चांगल्या दिवसाच्या टोकापेक्षा किमान दोन अर्धे स्वर खाली बसला पाहिजे. ऐकणाऱ्याला उतरवलेली पट्टी कळत नाही, ताणलेला सूर लगेच कळतो.

४५ मिनिटांच्या सेटला दहा-बारा गाणी लागतात. दोन तासांचे कार्यक्रम घ्यायचे तर चाळीस तरी तयार हवीत, कारण समोरची माणसं बघून दहा-पंधरा बदलावी लागतात. प्रत्येकाचं एक कार्ड करा: पट्टी, लय किती बीपीएम (मिनिटाला किती ठोके), पहिला सूर, सुरुवात कोण करणार, शेवट कसा होणार. शेवट लिहिलेला नसला की साथीदार तिथेच एकमेकांची तोंडं बघतात. सेटमध्ये दोन चढी गाणी कधीच लागोपाठ ठेवू नका.

स्वतःचा माइक विकत घ्या. डायनॅमिक, कार्डिऑइड (म्हणजे समोरचा आवाज घेणारा, मागचा टाळणारा), साधा. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरकडून केबलमधून येणारी वीज, लागत नाही. हळू ओळीला माइकची जाळी ओठांपासून तीन-चार सेंटीमीटरवर, चढ्या सुराला वीतभर दूर. फार जवळ गेलात की खर्ज फुगतो आणि शब्द गढूळ होतात. प, फ, भ वर फटका बसत असेल तर माइक किंचित तिरका धरा. जाळी मुठीत मात्र कधीच धरू नका: कार्डिऑइड माइक मागचा आवाज टाळतो तो जाळीमागच्या फटींच्या जोरावर, त्या बुजल्या की तो सगळीकडचं ओढतो आणि शिट्टी सुरू होते. मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, नेमका माइकच्या पाठीमागे ठेवायला सांगा. साउंड चेकला हळू गाऊन बघू नका, सर्वांत चढी ओळ पूर्ण आवाजात एकदाच म्हणा. मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर बाकीची वाद्यं कमी करून घ्या, नाहीतर नकळत ओरडून गायलं जातं. कानांचाही कोटा असतो: ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानली जाते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. संगीतकारांसाठीचे इअरप्लग पहिल्या खरेदीत घ्या.

पैशांची तालीम

आधी अत्यावश्यक मासिक खर्चाचा आकडा काढा: घर, जेवण, औषधं, हप्ते, घरच्यांची जबाबदारी. याच्या बारा पट रक्कम बाजूला हवी. साहित्य आणि रेकॉर्डिंगची रक्कम त्यात मिसळू नका, तिचा डबा वेगळा.

मग नोकरी चालू असतानाच तीन महिने तालीम करा. पूर्ण पगार आल्या दिवशी दुसऱ्या खात्यात टाकायचा. घर चालवायचं ते फक्त गाण्यातून आलेल्या पैशांवर आणि बारा महिन्यांच्या त्या रकमेतून काढलेल्या ठरावीक मासिक हप्त्यावर. कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी इथे दिसतात: मानधन उशिरा येतं, प्रवास आणि साथीदारांचे पैसे आधी जातात, काही महिने अगदीच कोरडे असतात.

गेल्या सहा महिन्यांकडे बघून पुढचं ठरवा. निम्मे कार्यक्रम तरी नातेवाईक, मित्र आणि ऑफिस यांच्या बाहेरच्या, अनोळखी माणसांनी दिलेले असावेत. काही जणांनी पुन्हा बोलावलेलं असावं. अनोळखी माणूस दुसऱ्यांदा पैसे देतो याहून मोठी पावती नाही. सर्वांत कमी कमाईच्या तीन महिन्यांची सरासरी अत्यावश्यक खर्चाच्या निम्मी तरी असावी. चांगल्या महिन्यांची सरासरी काढाल तर फसाल. आणि लागोपाठ दोन रात्री कार्यक्रम करून तिसऱ्या सकाळी ती हळू आवाजाची चाचणी नेहमीच्या जागी यायला हवी. यातलं एक जरी जमत नसेल तर नोकरी सोडू नका, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. शक्य असेल तर कामाचे तास कमी करून मागा. मधली पायरी कमीपणाची नाही.

कागद

ओळखीतला कार्यक्रम असला तरी मेसेजमध्ये का होईना, लिहून घ्या: तारीख, पोहोचायची वेळ, प्रत्यक्ष किती मिनिटं गायचं, मध्यंतर किती, ध्वनियंत्रणा कोणाची, प्रवास-मुक्काम कोणाकडे. अर्धं मानधन तारीख पक्की करताना, उरलेलं मंचावर जाण्याआधी. ऐनवेळी रद्द झालं तर किती मिळणार तेही. चित्रीकरण झालं तर ते कुठे वापरणार हा प्रश्न नवखे गायक विचारतच नाहीत आणि मग स्वतःचा आवाज जाहिरातीत ऐकतात.

रेकॉर्डिंगमध्ये दोन वेगळे हक्क असतात: एक शब्द आणि चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. कोणाचा वाटा किती टक्के, हे गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी सगळ्यांच्या सहीने कागदावर उतरवा. गाणं चाललं की स्मरणशक्ती बदलते. दुसऱ्याचं गाणं मुद्रित करायला परवानगी लागते आणि व्हिडिओसाठी ती बरेचदा वेगळी घ्यावी लागते. प्रत्येक मुद्रणाचा १२ अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाची आंतरराष्ट्रीय ओळख) जपून ठेवा. करारात ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ असं दिसलं की सही करण्याआधी वकिलाला दाखवा. अॅडव्हान्स म्हणून दिलेली रक्कम बहुधा पुढच्या रॉयल्टीतून वळती होते, ती बक्षीस नसते.

राजीनाम्याआधीचे शेवटचे दोन महिने

नोकरीचा करार काढून बाहेरच्या कामाबद्दल आणि नोटीसच्या मुदतीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आरोग्य विमा स्वतःच्या नावाने सुरू करा, कंपनीचा विमा शेवटच्या दिवशी संपू शकतो. कर्ज किंवा क्रेडिट कार्ड खरोखरच लागणार असेल तर अर्ज पगाराची स्लिप हातात असतानाच करा. गळा ठणठणीत असताना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात कॅमेऱ्याने स्वरतंतूंची हालचाल बघायची तपासणी) करून घ्या आणि तिचा व्हिडिओ मागून घ्या. पुढे कधी आवाज बसला तर निरोगी अवस्थेतल्या या चित्राशी ताडून डॉक्टरांना सांगता येतं की दिसतंय ते नवीन आहे की तुमचे तंतू मुळातच तसे आहेत. फाइलचं नाव तारखेने ठेवा आणि दोन ठिकाणी साठवा.