जिओथर्मलमध्ये यायचंय? मग आधी भेगा बघायला शिका

जिओलॉजीची मुलं हल्ली विचारतात की जिओथर्मलमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून ऊर्जा काढण्याच्या कामात, जायचं तर काय शिकू, आणि बहुतेकांना वाटतं गरम जागा सापडली की झालं काम. पण पुरेसं खोल गेलं की गरम खडक कुठेही मिळतो, गाडी अडते ती पाण्याच्या वाटेवर. ग्रॅनाइट, बेसॉल्टमधून पाणी फिरतं ते मुख्यतः भेगांमधूनच.

फ्रान्समधल्या सुल्ट्झच्या जिओथर्मल प्रकल्पाबद्दल नक्की वाचा. ५ किलोमीटर खोल ग्रॅनाइट, तापमान साधारण २०० अंश. कोरडा गरम खडक फोडून त्यात पाणी खेळवायचं अशी मूळ कल्पना होती, पण बोअर घेतल्यावर दिसलं की जुन्या नैसर्गिक भेगांमध्ये खारं पाणी आधीच आहे, मग प्रेशर देऊन त्याच भेगा जरा सरकवायच्या आणि मोकळ्या करायच्या, असं काम वळलं.

नवीन मुलं कोअर लॉगिंगला, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या नळकांड्या तपासून नोंदी करायला, बसली की नुसत्या भेगा मोजत सुटतात, हे मी कायम बघतो. अरे, आत काय भरलंय ते बघा ना! कॅल्साइट, क्वार्ट्झने बुजलेल्या कितीतरी असतात आणि खरं पाणी नेणाऱ्या मोजक्याच. भिंती गुळगुळीत आणि समांतर धरल्या तर भेगेची रुंदी दुप्पट झाली की प्रवाह आठपट होतो, म्हणून एक उघडी भेग शंभर बारीक भेगांना भारी पडते. पण एका विहिरीतून सोडलेलं सगळं पाणी तिच्यातूनच पळालं तर ते तापायच्या आत उपसायच्या दुसऱ्या विहिरीत पोचतं, तेही नको.

रॉक मेकॅनिक्स, म्हणजे दाबाखाली खडक कसा वागतो तो विषय, ऑप्शनला टाकू नका, प्लीज. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या जिओथर्मल प्रकल्पात २००६ साली खडकात पाणी दाबल्यामुळे ३.४ रिश्टरचा भूकंप झाला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. कुठल्या दिशेची भेग कधी सरकेल हे खडकातला स्ट्रेस (ताण) कळल्याशिवाय सांगताच येत नाही.

सरावाला कोकण आहेच. उन्हवरे, तुरळ, राजापूर, सगळीकडे गरम झरे, उन्हवऱ्याचं पाणी तर ७० अंशांच्या आसपास. जवळपास उघडा बेसॉल्ट दिसेल तिथे टेप लावा आणि टेपला छेदणाऱ्या प्रत्येक भेगेची स्ट्राइक (आडवी दिशा), डिप (उतार), रुंदी, भरण लिहा. मग दुसरा टेप काटकोनात लावाच, कारण टेपला समांतर असलेल्या भेगा मोजणीतून सुटतात. उभ्या बोअरमध्ये उभ्या भेगा अशाच निसटतात, टेर्झागी करेक्शन, म्हणजे कोनामुळे कमी मोजल्या गेलेल्या भेगांची गणिती भरपाई, त्यासाठीच असतं, ते आधी हाताने करून बघा, सॉफ्टवेअर नंतर.