लेक फोर्कवर मासेमारीला जाण्याआधी रॉड-रील अशी लावा

टेक्सासच्या लेक फोर्कमध्ये 1992 साली 18.18 पौंडांचा विक्रमी लार्जमाउथ बास मासा लागला होता. या तळ्यात बुडालेली झाडं फार. म्हणून माझा पहिला रॉड (गळाची काठी) सात फुटी, मीडियम-हेवी म्हणजे बऱ्यापैकी दणकट, फास्ट ॲक्शनचा. टोक वाकतं, कणा ताठ राहतो आणि मासा फांद्यांत शिरण्याआधी ओढून घेता येतो. क्रँकबेटला (माशासारखं दिसणारं, ओढताना डुलणारं कृत्रिम आमिष) मात्र मऊ रॉडच हवा. ताठ रॉडने गळ तोंडातून सुटतो.

बेटकास्टर रीलला (हिच्यात आमिष फेकताना स्पूल, म्हणजे दोरीचं रीळ, स्वतः फिरतं) लोक उगाच घाबरतात. आमिष बांधा, रॉड आडवा धरा, अंगठ्याखालचं बटण दाबा. हँडलजवळची टेन्शनची चकती एवढीच आवळा, की आमिष सावकाश खाली यावं आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावा. स्पूलचा ब्रेक आधी जास्तच ठेवा, हात बसला की थोडा थोडा कमी करा. समोरून वारा असेल तर पुन्हा वाढवा. आमिष बदललं की हे सगळं नव्याने. कंटाळा केलात, तर बसा गुंता सोडवत!

घरी आल्यावर ड्रॅग (मासा ओढताना दोरी किती सुटेल ते ठरवणारा रीलचा भाग) सैल करा. बेअरिंगला तेलाचा एकच थेंब, ग्रीस फक्त गिअरला. रॉडच्या कड्यांतून कापूस फिरवा. तंतू अडकला तर तिथे चीर आहे, कडी बदला.